मधल्या माणसाचा वैरी

भूमला मी ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर पाच वर्षं भाड्याने राहिले, त्या गृहस्थांचं आयुष्यात एकाच माणसाशी वैर होतं. तो म्हणजे मधला माणूस. मधला माणूस कोण, तर दलाल, अडत्या, एजंट, दुकानदार, डॉक्टरच्या दारातला कंपाउंडर आणि देवळातला गुरव. "मधला माणूस म्हंजे गोचीड," असं ते म्हणायचे. "गाय कुणाची, गवत कुणाचं, आन फुगतंय कोण?" हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनापासून हसले. पुढे ते आठवड्यातून तीनदा ऐकावं लागलं आणि हसू जे आटलं ते कायमचं.

गल्ली त्यांना मालक म्हणायची. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्याही मालकच म्हणायच्या, म्हणून मीही तेच धरलं. ढोकीकडच्या एका साखर कारखान्यात ते शेतकी खात्यात होते. उसाच्या नोंदी घेत बांधाबांधावरून मोटारसायकल फिरवायची आणि शेतकऱ्यांनी दिलेला चहा प्यायचा, अशी तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. थोडक्यात, शेतकरी आणि कारखाना यांच्या मधे उभं राहून त्यांनी आयुष्यभर पगार घेतला. हे मी एकदा त्यांना बोलून दाखवलं. त्यावर त्यांनी आठ दिवस माझ्या मजल्याचं पाणी सोडलं नाही.

त्यांचं दूध सकाळी म्हशीखालून यायचं. म्हणजे गल्लीत घरपोच दूध घालणारा होता, पण हे पहाटे उठून दोन किलोमीटर चालत एका गोठ्यावर जात आणि धार काढणाऱ्याच्या डोक्यावर उभे राहत. वर्षभराच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गावातलं दुकान टाळून ते एसटीने सोलापूरच्या घाऊक बाजारात जात. जाताना डबा नेत, येताना उन्हाने डोकं धरून येत, आणि मग काकू दोन दिवस त्यांच्या कपाळाला सुंठ उगाळून लावत. माझ्या खिडकीची जाळी बसवायची होती तर त्यांनी लोखंड स्वतः आणलं, कुणाचं तरी वेल्डिंगचं मशीन मागून आणलं आणि जाळी स्वतः जोडली. ती खिडकीपेक्षा चार बोटं मोठी झाली. तेव्हापासून माझी खिडकी कधी मिटली नाही, आणि उन्हाळ्यात भूमची सगळी धूळ माझ्या पुस्तकांवर येऊन बसायची. तक्रार केली की म्हणायचे, "मॅडम, हवा तर डायरेक्ट येती ना?"

सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला ते वर्षातून एकदा जात. गुरवाच्या हातात नारळ द्यायचा नाही, हा नियम. स्वतःच फोडायचा, स्वतःच अर्धा ठेवायचा, अर्धा उचलायचा. मी एकदा सोबत गेले होते. मागे रांग खोळंबलेली, गुरव हात जोडून विनवतोय, आणि हे गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर देवाला सांगतायत की मी अमक्या गावचा अमका, थेट आलोय. काकू बाजूला उभ्या राहून गुरवाची माफी मागत होत्या.

बैलाची गोष्ट तर अख्ख्या बाजाराला पाठ आहे. गावाबाहेर त्यांची चार एकर कोरडवाहू जमीन होती. एका वर्षी त्यांना बैल घ्यायचा होता. आमच्याकडे जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा यांच्या मधे दलाल उभा राहतो, हातावर उपरण्याचा पदर टाकतो आणि पदराखाली बोटं धरून भाव ठरतो. चारचौघांत कुणाची इज्जत जात नाही. मालकांनी तो पदर ओढून बाजूला टाकला आणि बैलवाल्याला म्हणाले, उघड बोल. बैलवाला बिचकला, दलाल हसत दूर झाला, सौदा झाला. बैल दिसायला देखणा. दुपारपर्यंत चांगला चालायचा आणि बारा वाजले की नांगराच्या तासातच बसकण मारायचा, तो उन्हं कलेपर्यंत उठायचा नाही. पुढच्या बाजारी मालक भांडायला गेले तर बैलवाला आलेलाच नाही. लोकांनी विचारलं, तुमच्या सौद्यात मधी कोण होतं? कुणीच नाही? मग आम्ही कुणाला धरून आणायचं? एका म्हाताऱ्या दलालाने तर तोंडावर सांगितलं, की मधला माणूस भाव करायला नसतो ओ, नंतर गचांडी धरायला असतो. त्या बैलाला काकूंनी दोन वर्षं बसून खायला घातलं.

आता काकूंविषयी. खरं तर त्यांच्याविषयी आधी सांगायला हवं होतं, पण त्या घरात त्यांचा नंबर नेहमी शेवटीच लागायचा.

मधल्या माणसाचा एवढा तिटकारा असलेले हे गृहस्थ स्वतःच्या बायकोशी थेट एक शब्द बोलत नसत. भांडण नव्हतं. जुन्या रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायचं नाही, एवढंच होतं. पुढे वडीलधारे गेले, पण रीत राहिली. आधी सासूमार्फत बोलणं चाले, मग दोन मुलींमार्फत. मुली लग्न होऊन गेल्या आणि वरचा मजला भाड्याने निघाला. भाडेकरू ठेवला तो भाड्यासाठी नव्हे, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं.

"मॅडम, त्यांला म्हणावं जरा चहा टाका," मालक अंगणातून म्हणायचे. काकू तीन हातांवर, तुळशीला पाणी घालत असायच्या. त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "मालकाला म्हणावं, दूध नासलंय." मी म्हणायची, दूध नासलंय. ते म्हणायचे, मग कोरा टाका म्हणावं. मी म्हणायची, कोरा टाका. कॉलेजात पन्नास पोरांना इतिहास शिकवून मी जेवढी थकत नसे तेवढी या दोघांचा एक कप चहा ठरवून थकायची. मी घरी नसले की मालक छताकडे बघून बोलत. "कुणी हाय का? टॉवेल पाहिजे हुता." आणि मग कुणीतरी टॉवेल आणून खुर्चीच्या पाठीवर टाकायचं.

या पाच वर्षांत काकूंनी माझ्यामार्फत स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. समोरच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक बायकोला घेऊन मुंबईहून समुद्रातल्या मोठ्या बोटीने लक्षद्वीपपर्यंत जाऊन आले. ते आल्यावर त्यांच्या फोनवरचे फोटो गल्लीभर फिरले. काकूंनी तो फोन हातात घेतला आणि एकाच फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यात माणूस नव्हता, नुसतं पाणी होतं. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि त्या दिवशी काकू जेवतसुद्धा उभ्याने. "एवढं पानी," त्या म्हणाल्या, "आन कुणी भरून ठेवीना." मग संध्याकाळी जिना चढून वर आल्या. त्या कधी वर येत नसत. दारातच उभं राहून म्हणाल्या, "मालकाला म्हणावं, मला एकदा समिंदर बघायचाय."

मी खाली जाऊन सांगितलं. आणि मालक चक्क हो म्हणाले. बायकोची हौस म्हणून नव्हे, मुख्याध्यापक टोपी घालून बोटीवर उभे आहेत, तो फोटो त्यांनाही सलत होता. त्यांची अट एकच, मॅडमनीही यायचं. दोघंच गेलो तर बोलणार कोण? एक खोली मी आणि काकूंनी घ्यायची, एक मालकांनी. माझे पैसे मी भरायचे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मलाही बोट बघायची होती, हे कबूल करते. दिवाळीची सुट्टी येत होती आणि माझं घरी वाट बघणारं कुणी नव्हतं.

मुख्याध्यापक ज्याच्याकडून गेले तो एजंट बसस्टँडजवळ एका औषधाच्या दुकानाच्या वर बसायचा. काशी, बालाजी, चारधामला माणसं नेऊन त्याचे केस पांढरे झालेले. मी मालकांना गळ घालून तिथे नेलं, नुसती चौकशी करू म्हणून. एजंटाने आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि खुर्ची वळवून थेट काकूंकडे तोंड केलं.

"मावशी, गाडी लागती का तुम्हाला?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "बैलगाडी लागत न्हाई. येस्टी लागती."

एजंट हसला, त्याही हसल्या. त्याने विचारलं, उपास कोणते करता, रात्री कितीदा उठावं लागतं, गुडघे दुखतात का, जिन्याजवळची खोली बघू का. काकू एकेका प्रश्नाला उत्तर देत होत्या, आणि त्यांना गुरुवारचा उपास असतो आणि डाव्या गुडघ्यात पाणी झालंय हे मला पाच वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. मालकांना बेचाळीस वर्षांत कळलं होतं की नाही, देव जाणे. "आधार आणलंय का?" एजंटाने शेवटी विचारलं. काकूंनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी अर्धं बाहेर काढलं.

तेवढ्यात मालक उभे राहिले. "म्या काय मेलो व्हय?" ते एजंटाला म्हणाले. "जे इचारायचं ते मला इचारा. उठा मॅडम. त्यांला बी उठा म्हणावं."

जिना उतरताना त्यांनी निकाल दिला, की हा माणूस चार प्रश्न विचारायचे पैसे घेतो. बोट काय त्याच्या बापाची आहे? बोटवाल्यांचा इंटरनेटवर दरवाजा उघडा आहे, तिथून डायरेक्ट काढू. मधल्याचं तोंडसुद्धा बघायचं नाही.

डायरेक्ट म्हणजे कसं, तर माझ्या टेबलावर, माझ्या लॅपटॉपवर, माझ्या हातांनी. मालक शेजारी खुर्ची ओढून बसले आणि स्टुलावर पाय ठेवून हुकूम सोडू लागले. मी म्हटलं, मालक, मग मी कोण झाले? ते म्हणाले, तुम्ही घरच्या. खोल्या निवडताना खिडकी असलेली आणि खिडकी नसलेली असे दोन प्रकार होते. त्यांनी खिडकी नसलेल्या निवडल्या, कारण पाणी काय, बाहेर आल्यावर दिसतंच. मग प्रवाशांची नावं. माझं घातलं, त्यांचं घातलं. काकूंच्या नावाशी मी थांबले. लाल अक्षरांत लिहिलं होतं की नाव ओळखपत्रावर असेल तसंच हवं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हटलं, काकूंचं आधार मागून घेते.

"चाळीस वर्सं संसार केलाय," ते म्हणाले. "मला बायकूचं नाव ठाऊक न्हाय व्हय? घाला. सुनंदा."

मी सुनंदा घातलं. पुढे त्यांचं नाव, पुढे आडनाव. खाली काकू भाकरी थापत होत्या, थपथप वर ऐकू येत होती. मधे फक्त चौदा पायऱ्या होत्या. इतरांची टिंगल करायला माझी जीभ सदा सरसावलेली असते, पण त्या चौदा पायऱ्या मी उतरले नाही, ही गोष्ट मला अजून टोचते. पाच वर्षांत त्या घराची मलाही सवय लागली होती. काकूंना आधी विचारायचं नाही, नंतर सांगायचं, अशी.

त्यानंतर महिनाभर मालकांनी गावाला सळो की पळो करून सोडलं. पारावर, दाढीच्या दुकानात, एसटीच्या थांब्यावर एकच विषय. मुख्याध्यापकांना तर घरी बोलावून समजावलं, की तुम्हाला कसं लुबाडलं. मुख्याध्यापक बिचारे सज्जन, ते म्हणाले, आमच्या हिला पहिल्या दिवशी उलट्या झाल्या तेव्हा एजंटाच्या माणसाने लिंबू आणून दिलं हो. मालक म्हणाले, लई महागाचं लिंबू पडलं.

काकूंनी त्या महिन्यात नव्या चपला घेतल्या. रोज संध्याकाळी त्या घालून अंगणात दहा फेऱ्या मारायच्या, प्रवासात चावू नयेत म्हणून.

मुंबईला बंदराच्या इमारतीत आम्ही सकाळी अकराला पोचलो. आत विमानतळासारखी थंडगार जागा, लांबच लांब काउंटर. आमच्या पुढे लातूरकडचा बावीस माणसांचा घोळका होता. त्यांचा एजंट एका हातात रबर लावलेला कागदांचा गठ्ठा घेऊन घाम पुसत धावत होता, माणसं मोजत होता, एका आजीबाईंच्या तोंडात गोळी कोंबत होता. मालक त्याच्याकडे बघून माझ्या कानाशी म्हणाले, बघा, मेंढरं. मेंढरं दहा मिनिटांत आत गेली.

काउंटरवरच्या मुलीने माझं कार्ड बघितलं, मालकांचं बघितलं. काकूंनी प्लास्टिकचा कागद उलगडून त्यांचं कार्ड दिलं. मुलीने ते पडद्याशी ताडून पाहिलं, परत पाहिलं, आणि विचारलं की ही सोजर कोण?

"म्या," काकू म्हणाल्या.

मालक माझ्याकडे वळले. "कुणाचं कार्ड घिऊन आल्या त्या? इचारा त्यांला."

मला विचारावं लागलं नाही. काकूच सांगू लागल्या, मालकांकडे न बघता, काउंटरच्या कडेवर बोट फिरवत. सोजर हे त्यांचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनंदा लिहिलं आणि सोजर मिटली. पण सात-आठ वर्षांपूर्वी वडील वारले, जमिनीवर वारसांची नावं लागली, आणि बहिणीने आपला हिस्सा भावाला सोडल्याचा कागद करायचा होता. जुन्या कागदांवर नाव सोजर, म्हणून भावाने गावातल्याच शिबिरात बहिणीचं आधार त्या नावाने काढून घेतलं. हक्कसोडीवर सही झाली, भावाने साडी-चोळी केली, काकू परत आल्या. कार्ड ट्रंकेत गेलं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, तिथे ते कुणी मागत नाही. गॅस, बँक, रेशन सगळं मालकांच्या नावाने. सुनंदा नावाचं मतदानाचं कार्ड होतं, ते भूमला कपाटात. अस्सल कार्ड हवं, फोनवरचा फोटो चालणार नाही, असं ती मुलगी आधीच सांगून चुकली होती.

"त्या येजंटाला म्या त्याच दिवशी दावत हुते," काकू एवढंच म्हणाल्या.

मालकांच्या कानात यातलं काहीच शिरलं नव्हतं. त्यांना फक्त हक्कसोड ऐकू आलं होतं. आपल्याला न विचारता बायकोने जमीन सोडली. बंदराच्या त्या थंड इमारतीत त्यांचा आवाज चढला. बोट, मुलगी, रांग, सगळं विसरून ते मला विचारत होते की कुणाला विचारून सही केली, विचारा त्यांना, मधे कुणाला घालायला नको होतं का, चार माणसांना विचारायला नको होतं का.

काकूंनी पहिल्यांदा मान वर केली. "भावानं मागितलं, म्या दिलं," त्या म्हणाल्या. "त्यात मधी कुणाला घालायचं?"

त्या मुलीने सांगितलं की तुम्ही थेट बुकिंग केलंय, नावाची दुरुस्ती इथे होत नाही, ग्राहकांच्या नंबरावर फोन करा. मालकांनी फोन लावला. हिंदीसाठी दोन दाबा. दोन दाबलं. मग संगीत. चाळीस मिनिटं ते संगीत कानाला धरून उभे होते, मधेमधे "हॅलो, म्या भूमहून बोलतोय" असं म्हणत. गचांडी धरायला पलीकडे कुणी नव्हतं. शेवटी मुलीने स्वच्छ सांगितलं की दोघांना जाता येईल, यांना नाही, पैसे परत मिळणार नाहीत, आणि दार पाऊण तासात बंद होईल.

मला वाटलं, आता परत फिरायचं. मी माझी बॅग उचललीसुद्धा. मालक मला म्हणाले, "एकाचे गेले तर गेले. बाकीचे फजूल कशाला घालवायचे? त्यांला सांगा, येस्टीनं माघारी जावा म्हणावं."

काकू त्यांच्यापासून एका हातावर उभ्या होत्या, नव्या चपला घालून.

मी म्हणाले, "मी सांगणार नाही. त्या समोर आहेत. तुम्ही सांगा."

मी इतक्या मोठ्याने बोलले की रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं. मालकांनी काकूंकडे तोंड केलं. तोंड उघडलं. मी वाट बघत होते, काकूही बघत होत्या. त्यांनी तोंड मिटलं, बॅग उचलली आणि आत निघून गेले. एक वाक्य बोलण्यापेक्षा त्यांना चार दिवस समुद्रावर एकटं जाणं सोपं वाटलं. अशा माणसाची मला कीव यायला हवी होती, पण आली नाही. संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

मी अर्थातच गेले नाही. बाहेर आल्यावर काकूंना म्हटलं, चला, चौपाटीवर जाऊ, समुद्र तरी बघू. त्यांनी मान हलवली. "न्हाई. कडंला हुबं राहून न्हाई बघायचा," त्या म्हणाल्या. आम्ही दुपारच्या गाडीने परत निघालो. त्यांना पुण्यापर्यंत गाडी लागली नाही, पुढे लागली.

पाचव्या दिवशी मालक आले, गळ्यात बोटीवर मिळालेली माळ घालून. गल्लीला बसवून त्यांनी बोटीवरचं जेवण, जादूचे प्रयोग, पोहायचा हौद, सगळं सांगितलं. लोकांनी विचारलं, काकूंना कशी वाटली? "त्यांला बोट लागली," मालक म्हणाले. "चारी दिवस पडूनच हुत्या." काकू त्याच ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. आम्ही दोघी पहिल्याच दिवशी परत आलेल्या अख्ख्या गल्लीने पाहिलं होतं, आणि तरी कुणी काही बोललं नाही. मोठ्या माणसाला खोटं पाडायचं नाही, ही आमच्याकडची आणखी एक रीत.

नंतर बरेच दिवस मी मालकांशी कामापुरतं बोलत होते, निरोप पोचवणं तर बंदच केलं होतं. त्यांनी छताशी बोलायला सुरुवात केली.

फेब्रुवारीत एक दिवस कॉलेजातून आले तर ओसरीवर तो पांढऱ्या केसांचा एजंट बसलेला. मालक खुर्चीत ताठ. काकूंनी त्याला स्वतः बोलावून घेतलं होतं. त्यांनी प्लास्टिकच्या कागदातून कार्ड काढून त्याच्या हातात दिलं.

"ह्या नावानं काढा," त्या म्हणाल्या. "खिडकीची खोली. एकाच माणसाचं."

एजंटाने मालकांकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "पैसे मालक देत्याल."

मालकांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. मी जिना चढून वर गेले. पैसे त्यांनी दिले. ते का दिले, हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित बंदरातली एकूण एक गोष्ट त्यांना आठवत असेल.

काकू मार्चमध्ये गेल्या, एजंटाच्या पंधरा माणसांबरोबर. जाताना मला त्यांनी वाकून नमस्कार करू दिला नाही, गळ्याशी धरलं. मालक त्या वेळी म्हशीखालच्या दुधाला गेले होते.

तिसऱ्या दिवशी मी एजंटाच्या दुकानात सोलापूरच्या गाडीचं तिकीट काढायला बसले होते. जिन्यावर पावलं वाजली आणि मालक आत आले. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं. मला बघून चपापले, पण आले. मुलींना फोन केला असता तर त्यांनी उलट चार गोष्टी ऐकवल्या असत्या, आणि काकूंच्या मोबाइलचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. कधी लागलाच नव्हता. ते एजंटाच्या टेबलासमोर बसले आणि म्हणाले, "त्यांला फोन लावा. चहाची पत्ती कुठं ठिवली, इचारा."

एजंट तोंडावर एक रेषही न हलवता म्हणाला, बोट आज गोव्याला लागलीय, लागेल फोन. त्याने लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. पलीकडून आधी वारा ऐकू आला, मग काकू. एजंटाने सांगितलं की मालक आलेत, चहाची पत्ती विचारतायत.

"हाईत का तिथं?" काकू म्हणाल्या. "मग त्यांलाच द्या फोन."

एजंटाने फोन उचलून मालकांपुढे धरला. मालक फोनकडे बघत राहिले. अंगणातून माझ्या मोरीतली बादली किती भरली ते ऐकू येणारे कान आहेत त्यांचे.

"मला नीट ऐकू येत न्हाई म्हणून सांगा," ते एजंटाला म्हणाले, आणि उठून जिना उतरले.

स्पीकर चालूच होता. काकूंनी ते सगळं ऐकलं. मग "बरं" म्हणाल्या, आणि त्या एजंटाला पाण्याचा रंग सकाळी कसा असतो आणि दुपारी कसा होतो, ते सांगत बसल्या.